रस्त्यावरची पत

व्यापारी माणूस परगावी गेला की प्रथम तेथील बाजार पाहतो. भाव काय, माप कोणते, उधारी किती दिवसांची आणि दिलेला शब्द पाळला जातो की नाही, हे त्याला दोन-चार दिवसांत समजते. परदेशात मात्र बाजाराआधी रस्ता भेटतो. सकाळी दूध आणायला निघताना, मुलाला शाळेत सोडताना, संध्याकाळी पेढीवरून परतताना त्या देशाची ओळख रस्त्यावरच होत जाते, आणि पुष्कळदा ती बाजारातल्या ओळखीपेक्षा खरी ठरते. बाजारात माणसे एकमेकांना ओळखत असतात; उद्या पुन्हा तोंड पाहायचे असते. रस्त्यावर कोणी कोणाला ओळखत नाही. तेथे माणूस कसा वागतो, यावर त्याच्या समाजाची पत ठरते.

जपानमधील कोबे शहरात भारतीय व्यापाऱ्यांना ही ओळख होऊ लागल्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. १८६८ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १९२३ च्या भीषण भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले. पुढे मोत्यांच्या व्यापारानिमित्त जैन कुटुंबेही येथे स्थिरावली. एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे शहर आहे. त्याच्या चढावरच्या कितानो भागात १९८५ साली पांढऱ्या संगमरवराचे महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले. मोत्यांच्या पेढ्याही त्याच परिसरात आहेत.

अशाच एका पेढीत बार्शीच्या एका आडत दुकानदाराचा धाकटा मुलगा हिशेबाच्या कामावर रुजू झाला. वर्षभराने पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगाही आला. घरात बसायची व्यवस्था लागण्यापूर्वीच नव्या देशाचे धडे सुरू झाले. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यापाशी ठेवलेल्या छोट्या तबकात ठेवायचे. उरलेले पैसे दुकानदार समोर मोजून देतो. बक्षिशी कोणी घेत नाही. टॅक्सीचा मागचा दरवाजा चालक आपल्या जागेवरून उघडतो आणि बंद करतो. प्रवाशाने हात लावायचा नाही. सरकत्या जिन्यावर उभे राहायचे ते उजव्या कडेला, आणि डावी बाजू घाईत असलेल्यासाठी मोकळी ठेवायची. हीच रीत तोक्योत नेमकी उलटी आहे. नव्याने राहायला येणाऱ्याने शेजाऱ्यांकडे लहानशी भेट घेऊन स्वतः ओळख करून द्यायची. घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढायची, ही एक रीत तेवढी सूनबाईंना माहेरसारखी वाटली.

कचऱ्याचा धडा मात्र सर्वांत अवघड गेला. कोणता कचरा कोणत्या वारी आणि कोणत्या पिशवीत, हे ठरलेले असते. पहिल्याच आठवड्यात चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी संध्याकाळी दाराशी परत आलेली दिसली. तिच्यावर शेजारच्या वृद्ध बाईंनी लिहिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीतले अक्षर वाचता येईना, म्हणून त्यांनी बाटली, कागद आणि भाजीची साल यांची चित्रे काढून प्रत्येकापुढे वार लिहिला होता. सूनबाईंना लाज वाटली, आणि बाईंनी घेतलेल्या कष्टांचे नवलही वाटले. आपल्याकडे शेजाऱ्याने एवढ्यावरून भांडण काढले असते किंवा मुकाट्याने पिशवी लाथाडली असती. येथे एका अनोळखी बाईने अर्धा तास खर्चून चित्रे काढली होती.

रस्त्यावरचे पहिले आश्चर्य शांततेचे होते. एवढी वाहने, पण कर्णा वाजत नाही. ही केवळ सभ्यता नव्हे, तो कायदा आहे. अपघात टाळण्यासाठी अपरिहार्य असेल तेव्हा, किंवा घाटातल्या वळणावर फलक सांगेल तेथेच कर्णा वाजवायचा. ‘मी येत आहे, बाजूला हो’ असे सांगण्यासाठी तो नाही. दुसरे आश्चर्य पावसाळ्यात वाट्याला आले. साचलेल्या पाण्यापाशी आले की वाहने रांगण्याइतक्या वेगाने जातात. पायी चालणाऱ्याच्या अंगावर चिखल-पाणी उडवणे हा तेथे वाहतुकीचा गुन्हा असून त्याला दंड आहे. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती किंवा एकटे चालणारे लहान मूल दिसले, तर थांबणे किंवा वेग अगदी कमी करणे चालकावर बंधनकारक आहे. लोहमार्ग ओलांडण्यापूर्वी फाटक उघडे असले तरी प्रत्येक वाहनाने पूर्ण थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे, आणि मगच पुढे जायचे. वाहन शिकवणाऱ्या शाळा तर खिडकीची काच खाली करून कान देऊन ऐकायला सांगतात.

गाडी घेण्याआधी ती ठेवायची जागा दाखवावी लागते. १९६२ च्या कायद्याप्रमाणे घरापासून दोन किलोमीटरच्या आत हक्काची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला मिळाल्याखेरीज सर्वसाधारण मोटारीची नोंदणी होत नाही. सार्वजनिक रस्ता म्हणजे आपल्या गाडीचा गोठा नव्हे, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. नव्याने परवाना मिळालेल्या चालकाने पहिले वर्षभर गाडीवर पिवळ्या-हिरव्या कोवळ्या पानाची खूण लावायची असते. ही पद्धत १९७२ पासून आहे. ती खूण असलेल्या गाडीला खेटणे किंवा तिच्यापुढे अचानक घुसणे हा इतरांचा अपराध ठरतो. सत्तरी ओलांडलेल्या चालकांसाठीही एक खूण आहे. पूर्वी तिचा रंग आणि आकार पिकल्या पानासारखा होता. वृद्धांना तो अपमान वाटला, म्हणून २०११ साली ती बदलून चार पाकळ्यांच्या रंगीत पानाची करण्यात आली. नवशिक्याला सांभाळून घेणारा आणि म्हाताऱ्याचे मन जपणारा असा हा नियम आहे.

काही चाली कायद्यात नाहीत, तरी त्या सर्वत्र पाळल्या जातात. गर्दीत कोणी वाट करून दिली, की पुढे गेलेला चालक मागचे दोन्ही पिवळे दिवे दोन-तीनदा लुकलुकवून आभार मानतो. ज्याचे आभार मानले त्याचा चेहराही त्याला दिसलेला नसतो, आणि पुन्हा कधी दिसणारही नसतो.

आंतरराष्ट्रीय परवान्यावर तेथे एक वर्ष गाडी चालवता येते. पुढे जपानी परवाना घ्यावा लागतो. भारतीय परवाना असणाऱ्याला त्यासाठी लेखी आणि मैदानावरची अशा दोन परीक्षा असतात. बार्शीचा मुलगा अठराव्या वर्षापासून गाडी चालवत होता. बार्शी-पुणे रस्ता त्याने रात्री-अपरात्री कितीदा तरी केला होता. मैदानावरच्या परीक्षेला तो निश्चिंत मनाने गेला आणि नापास झाला. ‘थांबा’ या फलकापाशी त्याने वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिले, रस्ता मोकळा होता म्हणून तसाच पुढे गेला. परीक्षकांनी एवढेच सांगितले, की चाके थांबली नव्हती. दुसऱ्या वेळी चाके थांबली. परंतु डावीकडे वळताना मागून सायकलस्वार येत नाही ना, हे त्याने मान वळवून पाहिले नाही, केवळ आरशात पाहिले. पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी परवाना मिळाला.

‘रस्ता मोकळा होता,’ ही त्याची तक्रार तो पेढीत कित्येक दिवस सांगत असे. एके दिवशी त्याचे त्यालाच हसू आले. ज्या दुकानात तो वाढला, तेथे रात्री रोकड मिळवताना चार रुपये कमी आले, तर ते सापडेपर्यंत कोणी जेवायला उठत नसे. चार रुपयांनी दुकान बुडणार नव्हते. तरीही ‘जवळपास जुळले’ ही भाषा त्या घरात कधी ऐकू आली नव्हती. हिशेब जुळला किंवा जुळला नाही, एवढेच. तोच मुलगा रस्त्यावर मात्र जवळपास थांबण्यावर समाधानी होता. दुकानाच्या उंबरठ्याच्या आत जे काटेकोरपण रक्तासारखे वाहत होते, ते उंबरठा ओलांडताच कोठे जात होते?

पुढच्या वर्षी वसंत ऋतूत अण्णा, म्हणजे मुलाचे वडील, दोन महिन्यांसाठी कोबेला आले. बहात्तर वर्षांचे अण्णा बोलायला मोजके आणि पाहायला चौकस होते. रोज सकाळी ते नातवाबरोबर शाळेच्या रस्त्याने जात. पहिलीची मुले पिवळ्या टोप्या घालून रांगेने चालत, रस्ता ओलांडताना हात उंच करत, आणि चौकात झेंडा घेऊन उभे असलेले पालक त्यांना पलीकडे नेत. हे सारे पाहून अण्णांनी आपला निष्कर्ष काढला, की ही शिस्त या लोकांच्या रक्तातच आहे, आपल्याला ती कशी जमणार?

पेढीतील एका वयस्क जपानी गृहस्थांच्या कानावर हे गेले तेव्हा ते मनापासून हसले. त्यांच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात, वर्तमानपत्रे रस्त्यांवरील स्थितीला ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत असत. मोटारी झपाट्याने वाढल्या होत्या. पदपथ, दिवे, शिस्त यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. १९७० या एका वर्षात जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसे मरण पावली. मुलांना शाळेच्या वाटेवर सांभाळण्यासाठी तोक्योत १९५९ पासूनच बायकांना चौकाचौकांत उभे करावे लागले होते. पुढे रस्ते सुधारले, कायदे कडक झाले, मुलांना पहिल्या इयत्तेपासून शिकवले गेले. २०२४ साली मृतांचा आकडा २,६६३ होता. रक्त तेच होते, बदलल्या होत्या त्या सवयी.

आजही सगळे आलबेल नाही, हेही त्यांनी सांगितले. सिग्नल नसलेल्या ठिकाणी कोणी पायी रस्ता ओलांडत असेल तर वाहनाने थांबलेच पाहिजे, असा कायदा आहे. परंतु तेथील मोटारचालकांच्या महासंघाने २०१६ साली पाहणी केली, तेव्हा शंभरातील जेमतेम आठ वाहने थांबताना आढळली. दरवर्षी पाहणी करून ते आकडे प्रांतवार प्रसिद्ध होऊ लागले. मागे पडलेल्या प्रांतांना लाज वाटली, पोलिसांनी लक्ष घातले, आणि २०२४ साली निम्म्याहून अधिक वाहने थांबू लागली. पुढच्या गाडीच्या पाठीला लागून तिला धमकावणारे चालक तेथेही आहेत; त्यांच्यासाठी २०२० साली वेगळी शिक्षा ठरवावी लागली. २००६ साली फुकुओका शहरात मद्यपी चालकाने दिलेल्या धडकेत एकाच घरातील तीन बालके दगावली. त्यानंतरच्या वर्षी कायदा असा कडक झाला, की पिऊन गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण त्याला मद्य देणारा, गाडी देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणाराही शिक्षेस पात्र ठरतो. हे ऐकून अण्णा थोडे सावरून बसले. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा दोष लागतो, हे ज्याने बालपणापासून ऐकले आहे, त्याला तो कायदा परका वाटला नाही.

कोबेच्याच न्यायालयातील एक निकाल अण्णांच्या मनात अधिक रुतला. पाचवीतल्या मुलाने रात्री उतारावरून सायकल भरधाव आणताना एका वृद्ध महिलेला धडक दिली; ती कायमची अंथरुणाला खिळली. २०१३ साली न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्यास सांगितले. मुलाला नीट शिकवले नाही, ही आईची जबाबदारी मानली गेली. या प्रांताने पुढे २०१५ साली सायकलस्वारांना विमा सक्तीचा केला. तसे करणारा तो देशातील पहिला प्रांत होता. ‘मूल लहान आहे, चालायचेच,’ हे वाक्य अण्णांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेल, याची मोजदाद नव्हती.

एका संध्याकाळी सारे कुटुंब समुद्राकडून घराकडे परतत होते. अंधार पडू लागला होता. रस्त्याच्या कडेने फिरायला निघालेल्या वृद्ध जोडप्याच्या दंडांवर चकाकणाऱ्या पट्ट्या होत्या. गाडीचा उजेड पडताच त्या दुरून लखलखल्या. पुढे एका कुत्र्याच्या गळ्यातही तसाच पट्टा होता. नातू टाळ्या वाजवू लागला. अण्णा मात्र गप्प झाले. घरी आल्यावर बऱ्याच वेळाने ते बोलले.

त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे सूनबाईंनी केवळ भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलेले काका, सोळा वर्षांपूर्वी सोलापूरहून वसुली करून मोटारसायकलवर बार्शीला येत होते. उसाचा हंगाम होता. रस्त्यात उसाने भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, दगड लावला होता, आणि फांदी टाकली होती. ती त्यांना दिसलीच नाही.

“त्या ट्रॉलीवाल्याला मी कधी दोष दिला नाही,” अण्णा म्हणाले. “गरीब माणूस होता, तोही रडत होता. मी म्हटले, भोग असतात. सोळा वर्षे तेच म्हणत आलो. पण आज त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा पाहिला आणि वाटले, अशी एक लाल पट्टी कितीला मिळत असेल रे?”

मुलगा काही बोलू शकला नाही. सूनबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

“आपल्याच दुकानात रोज पंधरा-वीस ट्रॉल्या येतात,” अण्णा पुढे म्हणाले. “मालाची आर्द्रता पाहतो, माती पाहतो, काटा पाहतो. ट्रॉलीच्या पाठीमागे मी कधी गेलोच नाही.”

नव्या देशाच्या चालीरीती पाहून येणारे आश्चर्य बहुधा दोनच वाटांनी जाते. एक तर माणूस परक्याचे गोडवे गात आपल्यांना नावे ठेवतो, किंवा ‘त्यांचे त्यांना, आपले आपल्याला’ म्हणून सारे विसरतो. दोन्ही वाटा सोप्या आहेत, कारण दोन्हींत स्वतःला काही करावे लागत नाही. व्यापाऱ्याला मात्र तिसरी वाट ठाऊक असायला हवी. परगावच्या बाजारात चांगले माप दिसले, तर तो त्याची स्तुती करत बसत नाही. ते माप आपल्या दुकानात आणतो. पत म्हणजे तरी काय? समोर नसलेल्या माणसाने आपल्यावर ठेवलेला भरवसा. हुंडी चालत असे ती याच भरवशावर; शेकडो कोसांवरचा अनोळखी पेढीवाला कागद पाहून रक्कम मोजत असे. रस्ताही त्याच भरवशावर चालतो. वळणापलीकडून येणारा आपल्या बाजूने येईल, थांबायचे तेथे थांबेल, अंधारात उभा असेल तर दिसेल, अशी प्रत्येक जण दुसऱ्याला उधारी देतच घराबाहेर पडतो. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसांनी रस्त्यावर प्राण गमावले, असे सरकारी आकडे सांगतात. त्यातील प्रत्येक जण त्या दिवशी कोणाच्या तरी भरवशावरच निघाला होता.

अण्णा जूनच्या आरंभी बार्शीला परतले. सोबत नातवाने दिलेली पिवळी टोपी आणि वहीत टिपलेल्या काही गोष्टी होत्या. पावसाळ्यानंतर मालाची आवक वाढू लागली, तेव्हा त्यांनी सोलापूरहून लाल चकाकत्या चिकटपट्टीची दोन खोकी मागवली. दुकानासमोर ट्रॉली रिकामी झाली की हमालाने तिची मागची फळी फडक्याने पुसायची, आडवी एक आणि दोन्ही कडांना उभ्या दोन अशा पट्ट्या लावायच्या, आणि मगच शेतकऱ्याच्या हाती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, द्यायचा. काही शेतकरी हसले. “अण्णा, एका पट्टीबरोबर दुसरी पट्टी फुकट का?” असे एकाने विचारले. बहुतेकांनी मात्र स्वतःच फळी पुसून दिली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैलगाडीच्या मागेही लावून घेतली.

महिनाअखेर दिवाणजींनी खोक्यांचा खर्च धर्मादाय खात्यात नोंदवायला घेतला. अण्णांनी त्यांचा हात थांबवला.

“धर्मादायात नको. दुकान खर्चात लिहा. माल आपल्या दारात आणणारा माणूस सुखरूप घरी पोहोचणे, हा व्यवहाराचाच भाग आहे.”

दिवाणजींनी नोंद खोडून नव्याने लिहिली. उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही खोकी संपली. तिसरे मागवावे लागले.